तबकडीवर नुसती शिट्टी

तबकडीवर गाणं नाहीच! एकही नाही. साध्या प्लेअरवर लावली तर आधी एक शिट्टी, मग तीच शिट्टी, आणि बाजू उलटली की पुन्हा तीच. तरी याच तबकडीवरून माझा भाचा लॅपटॉपमधलं हवं ते गाणं वाजवतो. वाजवतो म्हणजे, सुई उचलून मध्येच टेकवली की गाणं मध्यावर जातं. बोट ठेवलं की थांबतं. तबकडी उलटी फिरवली की गाणं उलटं! मी तोंडात बोट घालून बघत राहिले, आणि मग दुपारभर त्याला हलू दिलं नाही. आधी मला हे समजावून सांग, मगच चहा.

या प्रकाराला डिजिटल व्हायनल सिस्टिम म्हणतात, डीजे मंडळी नुसतं डीव्हीएस म्हणतात. आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती आणि थरथरणाऱ्या खिडक्या आठवतात. मीही त्याच समजुतीत होते. पण हे काम निराळंच आहे. हे हाताचं काम आहे, आणि तेही बोटांच्या टोकांचं.

तर शिट्टी. सेराटो कंपनीच्या या तबकडीवर सेकंदाला 1000 तरंग कोरलेले असतात. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात 1800 तरंग. मी वहीत आकडेमोड केली: बाहेरच्या काठाशी एक तरंग जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पडतो. तबकडी जोरात फिरली की शिट्टी चढते, मंदावली की उतरते. लॅपटॉप हा चढ-उतार ऐकतो आणि गाण्याचा वेग तसाच्या तसा बदलतो. शिट्टी स्पीकरपर्यंत जातच नाही. टर्नटेबलमधून ती एका छोट्या ऑडिओ इंटरफेसमध्ये शिरते, तिथून लॅपटॉपमध्ये, आणि परत बाहेर येतं ते गाणं.

दिशा कशी कळते? तबकडीच्या खाचेत डावा आणि उजवा असे दोन आवाज असतात, आणि त्यातला एक दुसऱ्यापेक्षा पाव तरंग मागे ठेवलेला असतो. कोण पुढे, कोण मागे एवढं पाहिलं की सुलटं की उलटं ते समजलं. पडद्यावर त्याचं एक चित्रही उमटतं. दोन्ही आवाज एकमेकांसमोर मांडले की हिरवं गोल कडं तयार होतं. सुईला धूळ लागली की तेच कडं वेडंवाकडं, लांबुळकं होतं. भाच्याने सुईच्या टोकावरून मऊ ब्रश फिरवला आणि माझ्या डोळ्यांदेखत कडं पुन्हा गोल झालं.

पण सुई मध्येच टेकवल्यावर नेमकी जागा कळते कशी? इथे मी अक्षरशः खुर्चीवरून उठले. सगळे तरंग सारख्या उंचीचे नसतात. काही उंच, काही किंचित बुटके, म्हणजे एक आणि शून्य. त्यांचा क्रम असा लावलेला असतो की कुठलेही सलग 20 तरंग घ्या, तो विसाचा गट तबकडीच्या त्या बाजूवर दुसरीकडे कुठेही सापडत नाही. अहो, हे तर आपलं यमाताराजभानसलगं! मराठीच्या तासाला वृत्तं शिकताना घोकलेलं. त्यातली कुठलीही सलग तीन अक्षरं उचला, लघु-गुरूचा वेगळाच गण हाती लागतो, आणि दहा अक्षरांत आठही गण बसतात. इथे तिनाऐवजी वीस, आणि गणांऐवजी जागा. लघु-गुरूच ते! काठाशी एक सेंटिमीटरभर खाच सुईखालून सरकली, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग गेला, की यंत्राला पत्ता कळला.

भाच्याला गणांचं सोयरसुतक नव्हतं. त्याने फक्त "मावशी, तू आता हात लाव" म्हटलं.

मी मोबाइलवर कुकरची शिट्टी रेकॉर्ड करून घेतली होती (तबकडीवर शिट्टीच असते म्हटल्यावर सुचलेला आचरटपणा). ती त्याने लॅपटॉपवर चढवली. तबकडीखाली स्लिपमॅट नावाची गुळगुळीत फेल्टची चकती असते. त्यामुळे खालची थाळी फिरत राहते आणि वरची तबकडी आपल्या बोटांखाली थांबते. "अगं, दाबू नकोस, नुसती टेकव." मी तीन बोटं टेकवली आणि पुढे-मागे केलं. फुईक्-च्युईक्! कुकर बोलला! डाव्या हाताने क्रॉसफेडरची, म्हणजे आवाज चालू-बंद करणारी, कळ त्याच तालात आत-बाहेर करायची असते, म्हणजे मागे येणारा आवाज गाळता येतो. ते मला काही केल्या जमेना. दोन हातांना एकाच तालात दोन निराळी कामं कशी लावायची, ते ढोलकीवाल्याला विचारा. पण ज्या आवाजाची रेकॉर्ड जगात कुणीच काढलेली नाही, तो माझ्या बोटांखाली घासला जात होता!

रेकॉर्ड अशी घासायची युक्ती सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ग्रँड विझर्ड थिओडोर या पोरसवदा डीजेने काढली, असं मानतात. तेव्हाचा डीजे म्हणजे रेकॉर्डच्या जड पेट्या वाहणारा माणूस. ते ओझं उतरवायला नव्वदच्या दशकाच्या शेवटी एनटूआयटी या डच कंपनीने फायनल स्क्रॅच नावाचं डीव्हीएस तयार केलं. रिची हॉटिन आणि जॉन अक्वाविवा हे डीजे ते सुरुवातीपासून वापरत होते. मग 2004 मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोने अमेरिकेतल्या रेन कंपनीबरोबर स्क्रॅच लाइव्ह आणलं. भाचा मात्र शेवटी तीन एक्स जोडलेलं 'मिक्स' वापरतो. ते फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि सेराटोची तबकडी त्याला व्यवस्थित वाचता येते.

याच सॉफ्टवेअरमध्ये सिंक नावाचं एक बटण आहे. दाबलं की दोन गाण्यांची लय आपोआप जुळते. मला ते मुळीच आवडलं नाही. तबकडी फिरवायची आणि लय मात्र यंत्राने जुळवायची, मग हात कशाला? भाचा हसला आणि त्याने ते बंद केलं. हेडफोनच्या एका कानात पुढचं गाणं, दुसरा कान खोलीकडे, आणि पिचची, म्हणजे वेगाची, पट्टी केसभर वर, केसभर खाली. दोन्ही गाण्यांचे ठोके आधी अडखळत होते, मग एकमेकांत बसले. ती अर्धी-पाऊण मिनिटं मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

आता घरचा जुना प्लेअर माझ्या कामाचा नाही. तो पट्ट्यावर चालतो, आणि तबकडी धरून सोडली की वेगाला यायला वेळ खातो. हवा तो टेक्निक्सचा एसएल-1200. 1972 मध्ये आलेला, मोटर थेट थाळीखाली. त्याचं 1979 चं एमके2 मॉडेल म्हणजे या लोकांचं दैवत. 2010 मध्ये कंपनीने 1200 बंद केला आणि 2016 मध्ये परत आणला, पण नव्याची किंमत ऐकून मी विषय बदलला. जुना चालेल. भाच्याला सांगून ठेवलंय, कुणी विकायला काढला की आधी मला फोन. आणि एक घेऊन येऊ नकोस म्हटलं, लय जुळवायला दोन लागतात.