इराण्याची पाटी

समुद्राने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या मुंबईत जागा कमी आणि माणसे उदंड. ज्याला घरात कोपरा नाही त्याने तो हॉटेलात शोधावा, हे ओघानेच आले. इराण्यांची हॉटेले तर अक्षरशः कोपऱ्यांवरच असत. नाक्यावरची जागा अशुभ म्हणून इतर व्यापाऱ्यांनी टाळली आणि याझ्द-केरमानकडून आलेल्या या मंडळींनी ती घेतली, असे सांगतात. कारण काहीही असो. संगमरवरी मेजे, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, गल्ल्याजवळच्या बरण्यांतली खारी-बिस्किटे आणि ज्यांतून मालकाला पाठीमागची गिऱ्हाइकेही दिसत असे भिंतीवरचे आरसे, या साऱ्यांतून जे सिद्ध होई त्याला ‘वातावरण’ हे नाव तेव्हा कोणी दिले नव्हते. ते वापरातून आलेले होते.

विद्यार्थिदशेत मी अशा हॉटेलात एका ‘पानी कम’ चहावर दोन-दोन तास वाचत बसत असे. समोरच्या पाटीवर अर्थातच फार वेळ बसण्यास मनाई होती. केस विंचरण्यासही होती. पाटी मना करी आणि गल्ल्यावरचा म्हातारा काणाडोळा करी. या दोहोंमधल्या फटीत माझ्यासारख्या कित्येकांचे शिक्षण झाले.

या पाट्यांची वाङ्मयीन शक्यता निस्सीम इझिकेल यांनी ओळखली. त्यांची ‘इराणी रेस्टॉरंट इन्स्ट्रक्शन्स’ ही कविता जवळजवळ केवळ सूचनांचीच बनलेली आहे. धोबी तलावावरच्या, आता बंद झालेल्या ‘बस्तानी’तील पाटी तिच्या मुळाशी होती, असे म्हणतात. पाटी भिंतीवरून काढून पृष्ठावर ठेवताच तिच्यातला दरारा, अगतिकता आणि माया एकदम ऐकू येऊ लागतात. अरुण कोलटकरांनीही इराणी हॉटेल कवितेत आणले. पण त्यांची नजर वस्तूंवर, इझिकेलांचा कान भाषेवर.

आता ही पाटी दुसऱ्यांदा स्थलांतरित झाली आहे. 2010 मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये ‘डिशूम’ उघडले, ते मुंबईच्या इराणी कॅफेंची आठवण म्हणून. तेथे प्रत्येक शाखेसाठी एक काल्पनिक कथा रचतात आणि तिच्याबरहुकूम सजावट करतात, ही गोष्ट समीक्षकाला मोठी रोचक वाटावी. आधी संहिता, मग खुर्च्या! परदेशात, विस्थापितांच्या स्मृतीत, याला काही अर्थ आहे. परंतु 1904 पासूनचे ‘कयानी’ जिथे अजून चालू आहे, त्या मुंबईतच इराण्याची प्रतिकृती उभी राहते तेव्हा ती कोणासाठी, असा प्रश्न पडतो.

अशाच एका उपाहारगृहात माझी एक जुनी विद्यार्थिनी मला घेऊन गेली. जेवण उत्तम होते, हे नमूद केले पाहिजे. धनसाक, सल्ली बोटी हे पारशी घरांतले पदार्थ पाव-मस्का-ऑम्लेटवर भागवणाऱ्या नाक्यावरच्या इराण्याकडे मला कधी मिळाले नव्हते. भिंतीवर चौकटीत जुन्या वळणाच्या अक्षरांत पाटी होती. लोक तिच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढत होते. आमचा चहा संपतो न संपतो तोच वेटरने अत्यंत अदबीने बिल आणून ठेवले. आठ वाजता हे मेज दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवले होते. चौकटीतल्या साऱ्या निषेधांपैकी अमलात येणारा तेवढा एकच होता, फार वेळ बसू नये हा. बाकीचे विनोदासाठी होते.

पुढच्या आठवड्यात मी तिला इझिकेलांची कविता वाचावयास दिली. सूचनांच्या त्या गर्दीतच कोणत्याही जातीच्या माणसाचे येथे स्वागत आहे, असा आशय येतो. हिंदूंसाठी वेगळी, ब्राह्मणांसाठी वेगळी अशा खाणावळी ज्या शहराने पाहिल्या, तेथे हे लिहून टांगण्याची गरज होती आणि ते लिहिणारा परदेशातून आलेला, परधर्मीय होता.

वाचून झाल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग फोनमध्ये त्या चौकटीचे छायाचित्र काढून तिने ते वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचले.

“सर,” ती म्हणाली, “केस विंचरू नका, ते आहे. जातीचं काहीच नाही यात.”