मोरपंखी पाणी राखते ते असं!

ऐका तरी! विद्या येते म्हणून लहानपणी जिची डहाळी आपण पुस्तकात ठेवायचो, ती मोरपंखी देवदार-पाइनच्या गोतातली आहे! सूचिपर्णी! हिमालयाचं नाव काढलं की आठवणारी ही झाडं, आणि त्यांची एक नातलग आमच्या घाटनांदुरात, बालाघाटाच्या उन्हात, अंगणात उभी! हे कळल्यापासून मी भिंग घेऊन तिच्याच मागे आहे. आपण पान म्हणतो ती खरं तर चपटी डहाळी. पानं म्हणजे तिच्यावर एकमेकांना बिलगून बसलेले इवलेसे हिरवे खवले. खवल्याच्या पाठीवर बारीक खाच. शंकू निळसर, वर पांढुरकी पूड आणि टोकांना आकडे.

पण खरी करामत भिंगातूनही दिसत नाही. ती पर्णरंध्रांत, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांत आहे. कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर ती उघडावी लागतात, आणि उघडली की पाणी उडतं. पावसानं ओढ दिली की पानात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी सैल पडतात आणि दार बंद!

पुढचं वाचून तर मी थक्क झालो. टास्मानिया विद्यापीठातल्या टिमोथी ब्रॉड्रिब आणि स्कॉट मॅकॅडम यांनी सहकाऱ्यांसह 42 सूचिपर्णी जाती तपासल्या आणि 2014 मध्ये निष्कर्ष मांडले. पाइनच्या कुळात दुष्काळ लांबेल तसं हे आम्ल वाढतच जातं, रंध्रं मिटलेली राहतात, पानातलं पाणी शाबूत. सरूच्या, म्हणजे मोरपंखीच्याच, कुळातल्या अनेक जातींत मात्र आम्ल आधी चढतं आणि दुष्काळ ऐन भरात असताना उतरतं! तरी रंध्रं उघडत नाहीत, कारण रक्षक पेशींना फुगायला पाणीच उरलेलं नसतं. इतकं सुकणं परवडतं कसं? त्यांच्या लाकडातल्या पाण्याच्या वाटा हवा शिरून सहजी तुटत नाहीत. ऑस्ट्रेलियातली, याच कुळातल्या कॅलिट्रिसची एक जात वातावरणाच्या दाबाच्या 180 पटींहून अधिक ताण सोसते! आणि कॅलिट्रिसला पाणी मिळालं की रंध्रं झटपट कामाला लागतात, कारण अडवून धरणारं आम्ल आधीच ओसरलेलं असतं.

मराठवाड्याला पावसाचा खंड नवा नाही. पुढच्या खंडात तुमच्या दारातल्या मोरपंखीजवळ जरा थांबा, आणि घरातल्या पोरांच्या हाती एक भिंग नक्की द्या.