हिरवळीखालची काळी माती

हिरवळ पिवळी पडली की जबलपुरात दोन उपाय हमखास सांगितले जातात: युरिया मारा, नाहीतर चुना टाका. युरियाचं एक वेळ समजतं. चुना मात्र कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीला मानवेल. जबलपुरातल्या अधारतालकडच्या काळ्या जमिनीत तो टाकणं म्हणजे पैसे मोजून दुखणं विकत घेणं. या मातीचं ढेकूळ फोडलं तर आत बऱ्याचदा चुनखडीचे पांढरे खडे मिळतात आणि त्यावर सौम्य आम्लाचा थेंब पडला की फसफस फेस येतो. सामू आठाच्या आसपास गेला की जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही. मग कोवळी पाती पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्र कमी असेल तर आधी जुनी पाती पिवळी होतात. वाकून एवढं पाहिलं तरी निम्मा उलगडा होतो. उरलेला माती परीक्षणाने.

मी इथल्या बंगल्यांच्या बागा सांभाळतो आणि अहवाल हातात आल्याशिवाय खताचं पोतं आणू देत नाही. नमुना घेण्याच्या कामात मला सगळ्यात जास्त गोडी वाटते. कुंपणाच्या भिंतीजवळची माती घ्यायची नाही, तिथे बांधकामाचा मलबा आणि सिमेंट मुरलेलं असतं. झाडाखालची नको, शेणखताच्या ढिगाजवळची तर नकोच. आठ-दहा जागी गवत बाजूला सारून खुरप्याने इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची बोटभर जाडीची चकती वरपासून चार इंचांपर्यंत उतरवायची. सगळी माती गोणपाटावर कालवायची, गोल पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. मग सावलीत वाळवायची, उन्हात कधीच नाही.

अहवाल शेतकऱ्यासाठी छापलेला असतो. 2015 साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी तपासून मिळतात, पण खताची शिफारस हेक्टरी किलोत असते. अंगणवाल्याने त्याला शंभराने भागावं, म्हणजे शंभर चौरस मीटरचा हिशेब निघतो. जस्त 0.6 पीपीएमच्या खाली असेल तर हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट म्हणजे आपल्याला 250 ग्रॅम. काळ्या मातीत पालाश बहुधा भरपूर असतं. तरीही पालाशही असलेली 19:19:19 खताची थैली घरोघरी येते, कारण दुकानदाराकडे तीच असते. अहवालाचा पहिला उपयोग माझ्या मते हाच, की काय टाकायचं नाही ते कळतं.

सेंद्रिय कर्बाचा आकडा मी सगळ्यात आधी पाहतो. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर बाकीच्या दुरुस्त्या टिकत नाहीत. त्यावर चाळलेलं, नीट कुजलेलं शेणखत हाच उपाय, आणि तोही सबुरीचा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कागदावर येत नाही: तुडवलेल्या मातीची घुसमट. जबलपूर-नरसिंहपूर पट्ट्यातले शेतकरी ‘हवेली’ पद्धतीत पावसाळाभर शेतात पाणी बांधून ठेवत आणि ते सोडून दिल्यावर गहू-हरभरा पेरत, इतकी ही माती पाणी धरते. हरळीला ते सोसत नाही. पाणी तुंबलं की लव्हाळा माजतो आणि हरळी मागे हटते. म्हणून मी पावसाआधी पहारीने वीतभर अंतरावर भोकं पाडून घेतो आणि त्यात शेणखत व जाड वाळू भरतो. खताच्या कुठल्याही थैलीपेक्षा या कामाचा गुण मला जास्त आलेला आहे.

नमुना मे महिन्यात द्या, म्हणजे जूनपर्यंत हाताशी वेळ राहतो. आधीच्या दोन महिन्यांत खत टाकलेलं नसावं. आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासाल तेव्हा तोच महिना, तीच खोली आणि शक्यतो तीच प्रयोगशाळा ठेवा, नाहीतर जुना-नवा आकडा एकमेकांशी ताडून पाहता येणार नाही.