सौताड्याची दरी आणि कापसाचं शिवार

बीडहून जामखेडच्या वाटेला पाटोदा तालुक्यात सौताडा लागतं. वर बालाघाटाचं उघडं, तापलेलं माळरान. खाली दरीत रामेश्वराचं देऊळ अन् विंचरणेच्या धारेनं गारवलेली सावली. अंतर थोडं, पण जीवसृष्टी निराळी. माळावर नाकतोडे, मुंगळे, वाळवी. दरीत चतुर, फुलपाखरं आणि झुडपाझुडपांतून जाळी विणणारे कोळी. जसा ओलावा, तसा किडा! पहिला पाऊस पडला की लाल मखमली मृगाचा किडा वर येतो. त्याचे पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे तो कोळ्याचाच भाऊबंद.

आता उत्तरेला गोदाकाठच्या गेवराई-माजलगावकडे चला. काळं रान, नजर जाईल तिथवर कापूस. एकच पीक दिसलं की ते खाणाऱ्या किडीचं फावतं. २०१७ साली शेंदरी बोंडअळीनं मराठवाड्यातली बोंडं पोखरली, ती विसरण्याजोगी नाहीत. फरदड ठेवली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. बांधावरच्या झुडपांत मात्र कोळी राहतो, अन् तुडतुडे, पतंग फस्त करतो.

तेव्हा बंधूंनो, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून रान मोकळं करा. आणि बांध पेटवण्याआधी त्यावरची जाळी एकवार पाहा. तो बिनपगारी राखणदार आहे.