उठण्याचं कसब

रग्बी लीगचा सामना पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर धडकेवरच खिळते. शंभर-एकशेदहा किलोंचा प्रॉप, म्हणजे आघाडीच्या फळीतला धिप्पाड फॉरवर्ड, चेंडू काखेत घट्ट धरून धावत येतो, समोरून तसेच दोघे-तिघे त्याच्यावर कोसळतात आणि प्रेक्षकांच्या तोंडून नकळत हुंकार निघतो. पाहणारा मनाशी ठरवून टाकतो की फॉरवर्डचं काम म्हणजे ताकद, आणि त्याची कारकीर्द म्हणजे ती ताकद टिकेल तेवढी वर्षं. अंगाला अंग भिडणारे खेळ शिकवणं हाच ज्याचा धंदा, त्याला हा हिशेब पटणं कठीण. माझ्या मते फॉरवर्डची खरी कारागिरी धडक संपते तिथून सुरू होते. तो कसा पडतो आणि किती लवकर उठतो, यात ती असते. फॉरवर्ड मीटर कमावतो असं सगळेच म्हणतात; संघाला तो त्याहून मोलाची गोष्ट मिळवून देतो, ती म्हणजे वेळ.

हे खेळाच्या नियमांतूनच येतं. चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात. दर टॅकलनंतर पकडल्या गेलेल्या खेळाडूनं उभं राहायचं, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायानं मागे सरकवायचा. मागचा डमी हाफ तो उचलून पुढचा डाव मांडतो. बचाव करणाऱ्यांपैकी फक्त दोघांना, म्हणजे मार्करना, समोर थांबता येतं. बाकीच्यांनी 10 मीटर मागे हटायचं. 1993 पूर्वी हे अंतर 5 मीटर होतं. ते वाढलं आणि उठण्याचा भावही वाढला. फॉरवर्ड झटकन उठला तर बचावाची रांग अजून मागे सरकतच असते, मार्करचे पाय स्थिरावलेले नसतात, आणि डमी हाफला समोर भिंतीऐवजी फटी दिसतात. तोच दोन सेकंद रेंगाळला तर तेच बचावपटू सरळ रांगेत उभे राहून पुढे झेपावतात. म्हणून चेंडू पुन्हा खेळात यायला किती सेकंद लागले, हे आज मोठे क्लब मोजतात. आठ मीटर मारून उताणा पडलेला प्रॉप हा सहा मीटर मारून पालथा पडलेल्या प्रॉपपेक्षा पुष्कळदा संघाला महाग पडतो.

ते पडणं जवळून पाहण्यासारखं असतं. धडकेआधीच्या शेवटच्या पावलात चांगला फॉरवर्ड किंचित बाजूला सरकतो. समोरच्याला त्याची पूर्ण छाती मिळत नाही, एक खांदा तेवढा मिळतो. चेंडू पलीकडच्या हातात गेलेला असतो. पकडणाऱ्यांची कामंही वाटलेली असतात. एक कमरेला विळखा घालतो, दुसरा छातीवर चढून चेंडू आवळतो, तिसरा अंग फिरवून त्याला पाठीवर टाकायला बघतो. हा मात्र पाय थांबू देत नाही, खाली जाता जाता कंबर वळवतो, आणि गुडघे व कोपरं आधी टेकवतो. पोट खाली असलं म्हणजे पाय अंगाखाली ओढून घेतले की काम झालं. आपल्या आखाड्यात पाठ टेकली की पैलवान चीत आणि कुस्ती संपली. इथे पाठ टेकल्याची शिक्षा दोनच सेकंदांची, पण ती दर टॅकलला भरावी लागते. प्रतिस्पर्ध्यांना हे पुरेपूर ठाऊक असतं. प्रशिक्षक क्रेग बेलमी यांच्या मेलबर्न स्टॉर्म क्लबनं सरावात कुस्तीचे आणि जिउ-जित्सूचे धडे आणले, ते माणसाला पाडण्याबरोबरच पाडलेल्याला खाली रोखून धरण्यासाठी. बाकीच्या क्लबांनी नावं ठेवत ठेवत तेच धडे गिरवले.

कारकिर्दींकडे पाहिलं तरी हेच दिसतं. स्टॉर्मचा हूकर, म्हणजे बहुतेकदा डमी हाफचं काम करणारा, कॅमेरॉन स्मिथ 2002 ते 2020 या काळात ऑस्ट्रेलियातल्या एनआरएल या लीगचे 430 सामने खेळला. तो ना थोराड, ना वेगवान. पकडलेल्याला केव्हा सोडायचं आणि आपला माणूस उठताच चेंडू कुठे न्यायचा, ही वेळ साधण्यावर त्यानं एवढी वर्षं काढली. कुणी म्हणेल, हूकर नावापुरताच फॉरवर्ड. प्रॉपसारखा मार तो कुठे खातो? मग प्रॉपच घेऊ. ग्लेन लाझारस 1989 मध्ये कॅनबेराकडून, 1992 मध्ये ब्रिस्बेनकडून आणि 1999 मध्ये मेलबर्नकडून विजेता ठरला, आणि तिन्ही क्लबांचं ते पहिलंच विजेतेपद होतं. अंगात नुसता जोर असलेले प्रॉप तेव्हाही ढिगानं होते. आर्थर बीटसनची तऱ्हा आणखी निराळी. तिघांच्या मिठीतही त्याचा एक हात मोकळा राही आणि पडण्याआधीच चेंडू दुसऱ्याकडे गेलेला असे. 1980 मध्ये राज्याराज्यांमधल्या पहिल्या स्टेट ऑफ ओरिजिन सामन्यात क्वीन्सलंडचं नेतृत्व त्यानं केलं, तेव्हा तो 35 वर्षांचा होता आणि सिडनीत त्याच्या क्लबच्या राखीव संघात खेळत होता. पाय मंदावले होते, पण हात शाबूत होते.

यावरचा सरळ आक्षेप पैशाचा आहे. कारागिरीच एवढी मोलाची, तर नॉर्थ क्वीन्सलंड क्लबनं 2017 मध्ये फॉरवर्ड जेसन टॉमालोलोशी तब्बल दहा वर्षांचा करार का केला? त्याची ख्याती तर तीन-तीन बचावपटूंना ओढत नेण्याची. आक्षेपात तथ्य आहे, आणि ताकदीला मोल नाही असं कुणी फॉरवर्ड म्हणणारही नाही. पण ताकद हे आत शिरायचं तिकीट आहे. शिवाय ज्याला पाडायला तिघे लागतात, तो उठताना ते तिघेही जमिनीवर असतात. त्याच्या ताकदीचा भावही शेवटी वेळेतच मोजला जातो. नियमही त्याच दिशेनं गेले. 2016 पासून एनआरएलमध्ये खेळाडू बदलण्याच्या संधी दहावरून आठवर आल्या. 2020 पासून जमिनीवर पकडून ठेवण्यासारख्या चुकांसाठी खेळ थांबवून पेनल्टी देण्याऐवजी टॅकलची मोजणी नव्यानं सुरू होऊ लागली, आणि दम खायची ती उसंतही गेली. वीस-पंचवीस मिनिटं थैमान घालून बाकावर येणाऱ्या अवजड प्रॉपची त्यात अडचण झाली. थकल्यावरही नीट पडणारा मात्र टिकला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो माझ्याच मताच्या मुळाशी जातो. उठण्याची एवढी थोरवी गाणं म्हणजे मार खाण्याचं कौतुक करणं नाही का? सिडनीच्या लीगच्या 1970 च्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीचा कर्णधार प्रॉप जॉन सॅटलरचा जबडा सुरुवातीलाच मोडला. तो शेवटपर्यंत खेळला, संघ जिंकला, आणि तो आख्यायिका झाला. 2014 च्या अंतिम सामन्यात त्याच क्लबचा सॅम बर्जेस पहिल्याच धडकेत गालाचं हाड मोडूनही खेळत राहिला आणि सामनावीर ठरला. मोडलेल्या हाडाची गोष्ट सांगता तरी येते. डोक्याला बसलेला मार गोष्टीत येत नाही. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी दोन माजी व्यावसायिक रग्बी लीग खेळाडूंच्या मेंदूत सीटीई हा ऱ्हासाचा विकार आढळल्याचं जाहीर केलं. फॉरवर्डनं वर्षानुवर्षं अंगात मुरवलेली विद्या नेमकी इथे त्याच्यावर उलटते. पडलं की उठायचं हे इतकं भिनलेलं असतं की डोकं सुन्न असतानाही पाय आपोआप अंगाखाली येतात, चेंडू मागे जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं की गडी ठीक आहे. जो जितका कसबी, त्याची दुखापत तितकी लपते.

म्हणूनच उठल्यावर खेळायचं की नाही, हा निर्णय त्याच्या हाती असता कामा नये. सामन्याचं चित्रण पाहत बसलेल्या स्वतंत्र डॉक्टरनं त्याला बाहेर बोलावणं, किंवा 2023 पासून एनआरएलनं कन्कशननंतर, म्हणजे मेंदूला हादरा बसल्यावर, साधारणपणे 11 दिवस मैदानाबाहेर राहण्याचा नियम करणं, याला जुने खेळाडू मऊपणा म्हणतात. त्यांनी आपल्या खेळाचा जन्म आठवावा. 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब रग्बीच्या जुन्या संघटनेतून फुटले, ते खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूची शनिवारी बुडणारी मजुरी भरून देता यावी म्हणून. खेळण्यापायी कामगारानं पदरचं घालवू नये, हे या खेळाचं पहिलं तत्त्व. तेव्हा प्रश्न दिवसाच्या सहा शिलिंगांचा होता. आज तो पन्नाशी-साठीतल्या शाबूत स्मरणशक्तीचा आहे. फॉरवर्डच्या कारकिर्दीचा हिशेब मांडायचा तर निवृत्तीनंतरची वर्षंही त्यात धरायला हवीत, आणि त्याला बाकावर बसवणाऱ्या डॉक्टरलाही त्याच्या कसबाचा राखणदार मानायला हवं.