कातड्याचे जोडे

‘कातड्याचे जोडे करून पायात घातले तरी उपकार फिटणार नाहीत’ हा वाक्प्रचार मी वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो आहे. त्यातली अतिशयोक्ती उलगडून दाखवताना कातड्याचा विचार मात्र कधी मनात आला नव्हता.

जळगावातला एप्रिल. परीक्षेच्या दालनात एक विद्यार्थिनी पेन खाली ठेवून बसली होती. ‘लिहीत का नाहीस?’ मी दरडावूनच विचारले. तिने मुकाट्याने तळहात उघडला. पेनाच्या घर्षणाने बोटांवर फोड आले होते. ‘जन्मापासून आहे, सर. उन्हाळ्यात वाढतं.’ मी ओशाळलो.

या आजाराचे नाव एपिडर्मोलायसिस बुलोसा. त्वचेला बळ देणारी, तिचे थर सांधणारी प्रथिने जनुकदोषामुळे दुबळी राहतात. अशा मुलांना जगभर ‘फुलपाखरू मुले’ म्हणतात. प्रतिमा सुंदर आहे. पण तिच्या सौंदर्याआड वेदना झाकली जाते, असे मला तो तळहात पाहिल्यापासून वाटते.

पुढे मी याविषयी वाचत गेलो. 2015 साली जर्मनीतील बोखुमच्या रुग्णालयात सीरियन निर्वासित कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा मरणपंथाला लागला होता. बापाने स्वतःची त्वचा दिली. मुलाच्या शरीराने ती स्वीकारली नाही. मग इटलीतील मिकेले दे लुका आणि सहकाऱ्यांनी मुलाच्याच शाबूत त्वचेचा छोटा तुकडा घेतला, त्यातील पेशींत ‘लॅम-बी-3’ या जनुकाची निर्दोष प्रत घातली आणि त्या पेशींपासून त्वचेचे पापुद्रे वाढवले. त्यांनी शरीराची सुमारे 80 टक्के त्वचा नव्याने झाकली गेली. मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागला. 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये हा वृत्तांत आला. त्वचा सतत गळते, नवी येते. दुरुस्ती मूळपेशींतच झाल्याने नवी त्वचाही निर्दोष येत राहिली.

या आजाराच्या दुसऱ्या एका तीव्र प्रकारासाठी अशाच पापुद्र्यांना अमेरिकेत 2025 मध्ये मान्यता मिळाली. माझ्या विद्यार्थिनीचा प्रकार सौम्य; हे उपचार तिच्यासाठी नाहीत. तिला हवा होता लेखनिक आणि थोडा जादा वेळ. पुढच्या पेपरला दोन्ही मिळाले. ते मागण्यासाठी तिला तळहात उघडून दाखवावा लागला, ही खंत मात्र उरली.

तो वाक्प्रचार मी आजही शिकवतो. फक्त आता त्याला अतिशयोक्ती म्हणताना बोखुमचा तो बाप आठवतो आणि जीभ अडखळते.