गांडुळाची जागा

गांडुळं किलोवर विकत मिळतात यावर माझ्या आईचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. ठाण्याच्या एका रोपवाटिकेतून मी अर्धा किलो आणली होती, शेणखतात घोळवलेली, झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात. "काडवांना पैसे मोजलेस?" एवढंच ती म्हणाली आणि डबा माझ्या हातात परत दिला. तिचं सगळं आयुष्य गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात गेलेलं. मृगाच्या सरी सुरू झाल्या की न्हाणीच्या उंबऱ्यावर चढून येतो आणि खराट्याने लोटून द्यावा लागतो, तो काडू. त्याला वजनकाट्यावर ठेवायचं म्हणजे माती विकत घेण्याच्याही पुढचा मूर्खपणा. (माती मी आधीच विकत घेतली होती. ते तिला सांगितलं नाही.)

आम्हा पोरांच्या लेखी काडू म्हणजे गळाचं आमिष. पऱ्याला पाणी वाढलं की तात्या, माझे धाकटे चुलते, गळ बाहेर काढायचे आणि काडू गोळा करायचं काम आमच्याकडे यायचं. न्हाणीचं पाणी केळींना आणि अळवाला जिथे जायचं, तिथली माती काळी, चिकट आणि सदा ओली. खुरप्याने ढेकूळ उलथलं की त्यात गुळगुळीत बोगदे दिसायचे, आणि एखाद्या बोगद्यातून जाडजूड करडा काडू अंग आखडून आत सटकत असायचा. शेपटीकडून हिसडा दिला तर तो तुटायचा, पण सुटायचा नाही. दोन बोटांत नुसता धरून ठेवायचा. थोड्या वेळाने त्याचं अंग सैल पडतं, तेव्हा हलकेच काढायचा आणि करवंटीतल्या ओल्या मातीत टाकायचा. गायरीत, म्हणजे शेणाच्या खड्ड्यात, हेच काम फार सोपं होतं. तिथे शेणात बारीक तांबडे काडू नुसते वळवळत असत, मूठभर उचलले की झालं. पण तात्यांना ते चालत नसत. "गायरीतला नको गो, तो गळावर टिकत नाही. केळीखालचा काढ."

गायरीतला आणि केळीखालचा हे दोन निराळे जीव आहेत, हे तात्यांना गळामुळे ठाऊक होतं. मार्सेल बुशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात गांडुळांची जी विभागणी मांडली, ती याच वाटेने जाते. काही गांडुळं वरच्या पालापाचोळ्यात आणि शेणात राहतात. काही मातीच्या आत आडवीतिडवी बिळं करत मातीच खातात. आणि काही खोल उभी बिळं करून राहतात, रात्री वर येतात आणि पाला आत ओढून नेतात. कुंडीत गांडुळं सोडणाऱ्याने दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं वाचावं. बाजारात मिळतात ती जवळजवळ सगळी पहिल्या जातकुळीची: युरोपातून आलेलं तांबडं आयसेनिया फेटिडा, आफ्रिकेतलं युड्रिलस युजेनी, किंवा आपल्याकडचंच पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस. तात्यांच्या भाषेत सांगायचं तर सगळी गायरीतली. ती खोल जात नाहीत, मातीवर जगत नाहीत. त्यांना वर कुजणारं काहीतरी सतत लागतं. ते नसेल तर ती निघून जातात, आणि चौथ्या मजल्यावरच्या कुंडीतून निघून जायला जागा नसते.

मधली काही वर्षं गांडूळ माझ्यासाठी मेणाच्या ट्रेमध्ये होतं. चिपळूणला बीएस्सी करत होते. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला फेरेटिमा पोस्थ्युमा असायचं, क्लोरोफॉर्म दिलेलं, पाण्याखाली टाचण्यांनी ताणून बसवलेलं. वलयं मोजत जायचं, चौदाव्यापासून सोळाव्यापर्यंतचा जाडसर पट्टा ओळखायचा, आतड्यात लोंबणारी टायफ्लोसोलची घडी दाखवायची. मला चेतारज्जू अखंड काढता यायचा आणि त्याचा मला अभिमानही होता. जिवंत गांडूळ कोरड्या कागदावर सोडलं आणि कान जवळ नेला तर त्याच्या अंगावरच्या इवल्या काट्यांची खरखर ऐकू येते, हे आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायांनी दाखवलं होतं. जर्नलमध्ये ते कुठेच नव्हतं. जर्नलमध्ये होतं ते 'श्वसन: ओलसर त्वचेवाटे'. एका मार्काचं उत्तर. पुढे कुंड्यांच्या बाबतीत सगळं त्या एका मार्कावर येऊन ठेपलं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर बाल्कनीत कुंड्या मांडल्या. पश्चिमेची बाल्कनी, त्यामुळे मिरची, वांगी, मायाळू, एक कढीपत्ता. कुंडीतल्या मातीचं दुखणं जमिनीपेक्षा वेगळं असतं. रोज वरून पाणी पडतं, बारीक कण खाली उतरतात, पोकळ्या बुजतात आणि लाल माती दुसऱ्या वर्षी दगड होते. मग लोक कुंडी उलटी करतात, माती सोसायटीच्या कोपऱ्यात ओततात आणि नवी पोती आणतात. मला ते पटत नव्हतं. पीक संपलं की रोप उपटायचं नाही, बुंध्याशी कापायचं. मुळं आत कुजू द्यायची, वर पाल्याचं आच्छादन घालायचं आणि त्याच मातीत पुढचं रोप लावायचं, अशी जिवंत मातीची पद्धत मी धरली. त्यात गांडूळ आलंच.

त्यांचं काम बघायला एक साधी गोष्ट केली. दोन काचेचे ग्लास पाण्याने भरले. एकात जुन्या कुंडीतलं वाळलेलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात गांडुळांच्या विष्ठेच्या वाळलेल्या गोळ्या. या गोळ्या चहाच्या भुकटीएवढ्या, काळसर, हाताला न चिकटणाऱ्या. वास पहिल्या पावसाचा. ढेकळातून बुडबुडे आले, त्याच्या कडा ढासळल्या आणि बघता बघता पाणी गढूळ झालं. दुसऱ्या ग्लासातल्या गोळ्या तळाशी जाऊन बसल्या त्या तशाच. दुपारचा चहा झाला, भांडी झाली, तरी पाणी जवळपास निवळ. गांडुळाच्या आतड्यातला चिकट स्राव आणि तिथून बाहेर पडल्यावर त्या कणांवर वाढणारे जिवाणू यांनी माती अशी बांधली जाते की पाण्याने ती सहज विरघळत नाही. दोन गोळ्यांच्या मध्ये हवा राहते आणि गोळीच्या आत ओल. खतातल्या नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे लोक पिशवीवर वाचतात. माझ्या मते कुंडीवाल्याने पैसे मोजायचे ते या पोताचे.

म्हणून मूठ सैल सोडायची असंही नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंड्यांमधल्या रोपांवर बरेच प्रयोग केले. मिश्रणात १० ते ४० टक्के गांडूळखत असताना रोपं चांगली वाढली. त्यापुढे खत वाढवून फायदा त्या मानाने वाढला नाही. नुसत्या गांडूळखतात रोप लावणारे मी पाहिले आहेत. पाणी निचरत नाही, क्षार साठतात, मुळं गुदमरतात. मी पाचवा हिस्सा घालते आणि बाकीचं वरच्या पाल्यावर सोडते.

कुंडीत गांडुळं पाळणाऱ्यांत सगळ्यांत नावाजलेला माणूस म्हणजे चार्ल्स डार्विन. १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने गांडुळांवर एक आख्खं पुस्तक छापलं. केंटमधल्या घरी, अभ्यासिकेत, त्याने मातीच्या कुंड्यांमध्ये गांडुळं ठेवली होती. मुलाने बसून नावाचं वाद्य वाजवलं, पियानो वाजवला, ती हलली नाहीत. पण कुंड्या पियानोवरच ठेवून सूर दाबला तेव्हा ती झटकन बिळात शिरली. ऐकू येत नाही, हादरा कळतो. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर टाइल्स फोडायचं काम चाललं होतं तेव्हा मला या कुंड्यांची फार आठवण झाली.

डार्विनची अभ्यासिका थंड होती. ठाण्यातली पश्चिमेची बाल्कनी एप्रिल-मेमध्ये काय असते ते सांगायला नको. आयसेनियाला १५ ते २५ अंश मानवतं. पस्तिशीपलीकडे ते मरू लागतं. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भर उन्हात मातीच त्यापुढे जाते. जमिनीतलं गांडूळ अशा वेळी खोल उतरतं, कुंडीत खाली गेलं तरी तेवढंच तापलेलं. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडतं म्हणून ती थंड राहते. प्लास्टिकची असेल तर तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळावं, किंवा तिला सरळ मोठ्या कुंडीत बसवून मधल्या फटीत पाला भरावा. पावसाळ्यात उलटा त्रास. भोकं बुजली, पाणी तुंबलं, की मातीतला प्राणवायू संपतो आणि गांडुळं बाहेर पडतात. ग्रिलवर चढतात, खाली पडतात. एका जुलैत खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या आणि म्हणाल्या, "तुमचे ते साप आमच्या वाळवणावर पडतात." कुरडयांचं वाळवण जुलैत कशाला घालावं हा प्रश्न मी गिळला.

खाण्याचंही पथ्य असतं. आमच्या आवारातला बदामाचा पाला महिनोन्महिने तसाच पडून राहतो. त्यात शेवग्याचा पाला किंवा भाजीची देठं मिसळली की काम पुढे सरकतं. केळीची सालं, कलिंगडाचा पांढरा भाग, धुतलेला चहाचा चोथा, अंड्याच्या टरफलांची पूड. लोणचं, मीठ, तेल अजिबात नाही, लिंबाच्या साली अगदी बेताने. ओलं शेणही नको, कुजताना ते तापतं.

या सगळ्याला विरोध करणाराही मोठा आवाज आपल्याकडे आहे. विदर्भातले सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, ते आयसेनियाला गांडूळ मानायलाच तयार नाहीत. विकतचं गांडूळखत नको, देशी गांडूळ शेतात आपोआप येतं, वरखाली ये-जा करतं, असं ते सांगतात. आयसेनिया गांडूळ नाही हे मला मान्य नाही. प्राणिशास्त्र शिकलेल्या बाईला ते मान्य होणं कठीणच. पण शेताबद्दल त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. शेतात आच्छादन आणि ओल असेल तर केळीखालचा काडू येतोच, त्याला डब्यातून आणावं लागत नाही. फक्त माझ्या कुंडीला तेवढी खोली नाही. फूटभर मातीत उभं बीळ करणारा जीव कोंडायचा हे मला बरं वाटत नाही. तिथे गायरीतलाच शोभतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी जी बाग उभी केली, तिच्यातही मला आवडतं ते हेच: शेतीतले प्रयोगकर्ते श्री. अ. दाभोळकर यांचा विचार शेतासाठी असला तरी पाटील यांनी तो गच्चीच्या मापाचा करून घेतला, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि सुका पाला यांच्या हिशेबात.

माझी भाची मिनेसोटात असते. एकदा फोनवर म्हणाली, "मावशी, इकडे मासे पकडून उरलेली गांडुळं जमिनीवर टाकायची नाहीत, कचऱ्याच्या डब्यात टाकायची, असा नियम आहे." मला आधी ती गंमत वाटली. मग तिने सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत नीट बसले. हिमयुगात तो सगळा भाग बर्फाखाली होता, म्हणून तिथल्या जंगलांत मूळची गांडुळं नाहीतच. पाल्याचा जाड, सावकाश कुजणारा थर आणि त्यावर पोसणारी नेची, रानफुलं, मेपलची रोपं, असं ते जंगल गांडुळाविना घडलेलं. युरोपातून आलेल्या रोपांबरोबर आणि गळ टाकणाऱ्यांच्या डब्यांतून गांडुळं गेली आणि त्यांनी तो थर खाऊन टाकला. शेतकऱ्याचा मित्र म्हणून शाळेत ज्याच्यावर पाच ओळी लिहिल्या, तो तिथे उपद्रवी. भाची तळघरात एक डबा ठेवते, आयसेनियाचाच. तयार खत ती आधी आठवडाभर फ्रीजरमध्ये गोठवते, म्हणजे त्यातले कोष मरतात, आणि मगच घरातल्या कुंड्यांना घालते. जावई त्या फ्रीजरमधलं आइस्क्रीम खात नाहीत म्हणे.

तेव्हापासून कोणी "थोडी गांडुळं द्या" म्हणून आलं की मी आधी कुंडी दाखवा म्हणते. परवा खालच्या वहिनीच आल्या. साप म्हणणाऱ्या त्याच. त्यांच्या मिरचीची पानं मुरडली होती. कुंडी बघितली तर चिनीमातीची, शोभेची, खाली एकही भोक नाही. म्हटलं, यात पाणी घालून मनीप्लांट ठेवा, गांडुळं मिळणार नाहीत. त्या जरा फुगल्याच. पण संध्याकाळी त्यांचे यजमान रंगाची रिकामी वीस लिटरची बादली आणि ड्रिल घेऊन पॅसेजमध्ये बसले, आणि भोकं किती पाडायची, तळाला की कडेला, हे विचारायला सारखे वर येत राहिले.